लुसियाची हजेरी

समोरच्या शाळेत हजेरी सुरू झाली की मी खिडकी लावून घेते.

ग्वाटेमालातल्या एका डोंगरगावात मी काही महिने विनामोबदला इंग्रजी शिकवलं आणि माझं मोडकंतोडकं स्पॅनिश मुलांकडूनच सुधारून घेतलं. पहिल्याच दिवशी मी “लुसिया” पुकारलं, तर अख्खा वर्ग ओरडला, “प्रेसेंते!” म्हणजे हजर. बाक तर रिकामा होता. आमच्या कॉलेजातली प्रॉक्सी आठवून मी खेकसले, “खोटी हजेरी चालणार नाही!”

“बाई, ती नदीत वाहून गेली,” शेजारच्या बाकावरची मार्ता म्हणाली. “आमच्याकडे गेलेल्यांची हजेरी सगळे मिळून देतात.”

मग मी रोज तिचं नाव घेतलं. निरोपाच्या दिवशी मात्र रडू फुटेल म्हणून गाळलं. मुलं उत्तर द्यायला थांबली होती.

अजून थांबलीयेत.