दवा खाली

आमची शेजारीण नेत्रा बोधनकर मूळची सोलापूरची, पण इथे हिंदी मुलखात, विकास नगरात राहून आपलं हिंदी पक्कं झालंय, असा तिचा दावा! औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर चार देशांत मिळून संशोधन चालतं, त्याचा मेळ ती इथून घालते.

एकदा चौक भागातल्या जरीना आपांचा मेसेज आला. आपा चिकनचं भरतकाम करतात आणि या संशोधनातल्या पेशंट आहेत. लिहिलं होतं, 'दवा खाली'. म्हणजे डबी रिकामी! गोळ्यांत खंड पडला तर सगळी मेहनत पाण्यात. नेत्राने पेरू-जॉर्जियाच्या डॉक्टरांना मीटिंगमध्ये ताटकळत ठेवलं आणि गोळ्या घेऊन रिक्षाने चौक गाठला.

आपा सुई बाजूला ठेवून हसत सुटल्या. "अरे बिटिया, हमने तो दवा खा ली!"

गोळी घेतल्याचं कळवलं होतं, फक्त दोन शब्द एकमेकांना चिकटले होते. नंतरही ते रोज तसेच चिकटून येत राहिले.

परवा आपांचा कोर्स संपला, रिपोर्टही स्वच्छ आला. संध्याकाळी मेसेज आला, 'दवा खाली', सोबत रिकाम्या डबीचा फोटो.

नेत्राने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघा काकू, आज आपांनी शुद्ध लिहिलंय!"