एका सिगरेटीचं पाकीट

छापखान्यात एक गोष्ट न सांगता वाढत जाते, ती म्हणजे कातरण. कितीही बेतानं कागद कापा, संध्याकाळी मशीनखाली टोपलंभर पट्ट्या निघतातच. अड्याळच्या बसस्टॉपवर माझा लग्नपत्रिकांचा छापखाना आणि त्याला खेटून सुधाकरचा पानठेला. वीस वर्षांचा शेजार. त्या ठेल्यावरचे किस्से असेच साचत गेले. कातरण पोत्यात भरून कोणालाही देऊन टाकता येते, किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही! आज बसलोच आहोत तर सांगून टाकतो. चहा सांगा राजेहो, जरा लांबेल.

आणि आधीच सांगतो, सगळे किस्से एकाच माणसाच्या एकाच सिगरेटीचे आहेत.

*

माणूस म्हणजे गुणवंत गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. अर्ध्या अड्याळनं त्यांच्या छड्या खाल्ल्या. त्यात मी पहिला, सुधाकर दुसरा. सुधाकरला सतराचा पाढा अजूनही येत नाही, ती गोष्ट वेगळी.

रिटायर झाल्यावर गुरुजींना हार्टचा झटका आला. नागपूरला नेलं, स्प्रिंग टाकली. डॉक्टर म्हणाले, "सिगरेट शून्य!"

गुरुजींनी पलंगावरूनच विचारलं, "शून्याच्या जवळची कोणती संख्या चालल?"

उत्तर काकूंनी दिलं. काकू म्हणजे गुरुजींच्या मिसेस. अंगानं एवढ्याशा, पण त्यांच्या आवाजानं दारातली कुत्री उठून बसायची.

"एक. दिवसाची एक. चार वाजता, तलावाच्या पाळीवर बसून. घरात नाई. दुसरी पेल्ली असं मले समजलं, तं मी पोरीकडं नागपूरले चालली. मंग तुमी आन तुमचा गॅस!"

गुरुजींना चहासुद्धा करता येत नव्हता. त्यामुळे धमकी एकदम लागू पडली.

आता खरी गोम ऐका. ठेल्यापासून तलाव दोन किलोमीटर, रस्ता सगळा गिट्टीचा, गुरुजी सायकलवर. शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर, डायरी, पेन, किल्ल्या, आणि त्यात ही बिचारी एक सुटी सिगरेट. पहिल्याच दिवशी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचून पाहतात तर दोन तुकडे! तसेच परत आले. "सुधाकर, मोडली रे. दुसरी दे."

सुधाकरनं दुसरी काढलीसुद्धा. पण आमच्या गावात बातमी सायकलच्या पुढं पळते. काकूंचा निरोप आला, "मोडली का सरली, एक ते एकच!"

त्या दिवशी गुरुजी पुन्हा पाळीवर गेले आणि ते दोन तुकडे हातात धरून अंधार पडेस्तोवर बसून राहिले. मी डोळ्यांनी पाहिलं. वाईट वाटलं हो मला. ज्या माणसाला अख्खी शाळा चळाचळा कापायची, तो माणूस असा बसलेला.

दुसऱ्या दिवशी सुधाकर छापखान्यात आला. म्हणाला, "भाऊ, गुरुजीची सिगरेट शाबूत पोचली पायजे. काई तरी डिझाइन काढ."

"मी पत्रिका छापतो बे!"

"मंग मीच काढतो," म्हणाला.

*

सुधाकरचं डिझाइन म्हणजे स्केचपेनची रिकामी नळी. आतली कांडी काढली, मागून सिगरेट घातली, वरून टोपण लावलं. सिगरेट अशी फिट बसली की आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी ती नळी खिशाला पेनासारखी अडकवली आणि आठवडाभर सिगरेट धडधाकट पाळीवर पोचली.

पुढच्या आठवड्यात गुरुजी पवनीच्या बँकेत गेले, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला. साहेबांनी फॉर्म पुढं केला. "गुरुजी, इथं सही करा, आपण जिवंत आहो म्हणून."

गुरुजींनी ऐटीत खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि सही करायला टेकवलं. फॉर्मवर तंबाखू सांडला!

साहेबांनी फॉर्म झटकला, खाली-वर पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, हा हयातीचाच दाखला हाये ना?"

तेव्हापासून पेन बंद.

*

मग किसन आला मदतीला. किसन बांबूची सुपं-टोपल्या विणतो, हात असा की बांबू त्याच्यापुढं लोण्यासारखा वाकतो. त्यानं बांबूची बोटाएवढी नळी केली, त्याच बांबूचं झाकण, वरून बारीक नक्षी. इतकी देखणी की सुधाकर म्हणाला, "यात सिगरेट घालाले लाज वाटते."

उन्हाळाभर नळी मस्त चालली. मग लागला श्रावण. चार दिवसांची झड. बांबू फुगला आणि झाकण असं बसलं की उघडेचना. गुरुजी पाळीवर छत्रीत बसून तासभर ओढताहेत, पण सिगरेट नाही, झाकण! शेवटी भिजत ठेल्यावर आले. सुधाकरनं पिळून पाहिलं, किसननं दातानं पाहिलं. मग सुधाकरनं सुपारीचा अडकित्ता काढला आणि कचकन आवाज झाला.

झाकण शाबूत. नळी शाबूत. सिगरेटचा मात्र पार भुगा!

किसन नळी उलटी-पालटी करून म्हणाला, "माह्या कामात तं काई खोट नाई."

तो भुगा गुरुजींनी कागदाच्या पुडीत बांधून घेतला आणि घरी नेला. काकूंना पुरावा द्यावा लागे ना!

*

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, झालं तेवढं पुरे, आता आपण उतरू. पंधरा दिवस मी पत्रिकांचं काम बाजूला ठेवून सिगरेटीचं पाकीट काढत होतो. बायको म्हणाली, "लोकायची लग्नं अडून राहिली आन तुमी काय करून राहिले?"

काय सांगू तिला! पण डिझाइन सापडलं. गोल नळी दबते, चौकोनी चपटी होते. तीन बाजूंची केली तर दबतही नाही आणि टपरीवरून घरंगळतही नाही. जाड कार्ड घ्यायचं, बोथट पात्यानं घडीच्या तीन रेघा मारायच्या, एक पट्टी खळीनं चिकटवायची, खाली-वर जीभ, म्हणजे झाकणाची घडी, दुमडायची. आत एक सिगरेट सैलसर बसते. वरून गुरुजींची सायकल गेली तरी तिला काही होत नाही. हे खोटं नाही, आम्ही सायकल घालून पाहिली!

आता कार्ड कुठून आणायचं? माझ्याकडं साकोलीच्या एका मोडलेल्या लग्नाच्या पत्रिका पडून होत्या. झकास कार्ड, सोनेरी छपाई. पहिली वीस पाकिटं केली तर वरच्या बाजूला नेमका गणपती! सुधाकरनं कानाला हात लावले. "भाऊ, बाप्पाले कायले तंबाखूत घालतं?" बरोबर होतं त्याचं. मग मी गणपतीचा भाग नीट कापून देवघरात ठेवला आणि त्याच्या खालचं कार्ड वापरलं. खालच्या भागात काय असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. चिरंजीव अमुक आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तमुक.

पाकिटं लोकांना इतकी आवडली की सुधाकर सगळ्यांनाच सिगरेट त्यातून द्यायला लागला. एक दिवस साकोलीचे एक पाहुणे ठेल्यावर थांबले, एक सिगरेट मागितली. सुधाकरनं पाकीट दिलं. पाहुण्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. तो नवरदेवाचा बाप होता!

मी छापखान्याच्या दारातच थिजलो. म्हटलं, आता काही खरं नाही. पाहुण्यांनी पाकीट दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, सिगरेट काढून शिलगावली आणि शांतपणे म्हणाले, "पत्रिका पक्की होती ना बावा. सोयरीकच कच्ची निघाली."

*

त्यानंतर एका दुपारी काकू स्वतः छापखान्यात आल्या. हातात पिशवी, पिशवीत गुरुजींनी घरी आणलेली महिनाभराची रिकामी पाकिटं. मी उठून उभा राहिलो. शाळा सोडून तीस वर्षं झाली तरी पाय आपोआप जुळले.

म्हटलं, आता झापणार. पण काकूंनी पाकीट माझ्यापुढं ठेवलं. "आतून मेणबत्ती घास. पावसात सिगरेट सादळते, मंग ते चिडचिड करतात. माह्या पापडाच्या डब्याले मी तसंच करतो."

मी तोंडात बोट घालून उभा. मेणाची गोष्ट आपल्या डोक्यात काहून आली नाही?

"आन वरून वार छाप. सोमवार, मंगळवार, असा. परवा त्यायनं मले आदल्या दिवशीचंच रिकामं पाकीट दाखवलं."

मी धीर करून विचारलं, "काकू, डॉक्टर तं शून्य म्हणाले होते. तुमी एक तरी काहून देऊन राहिल्या?"

काकू पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "शून्य म्हटलं असतं तं लपून चार पेल्ल्या असत्या. मले माणूस पायजे रे, बाप्पा. एकीसाठी माणूस सांगून जाते-येते, तवरी मले समजते तो कुठं हाये."

त्या गेल्यावर मी मशीन सोडून आधी मेणबत्ती शोधायला लागलो.

*

वाराच्या पाकिटांनी गुरुजी पुरते अडकले. तरी गणिताचा माणूस! एका मंगळवारी त्यांनी सुधाकरकडून गोडीगुलाबीनं बुधवारचं पाकीटही काढून घेतलं आणि दोन्ही ओढल्या. घरी काकूंच्या हाती दोन्ही पाकिटं लागली.

"आज बुधवार हाये का?"

गुरुजी म्हणाले, "उद्याची आज उसनी घेतली. उद्या शून्य. बेरीज तेवढीच येते."

काकू नागपूरला गेल्या नाहीत. पण बुधवारी चार वाजता त्या स्वतः गुरुजींसोबत पाळीवर जाऊन बसल्या, परत येईस्तोवर! आम्ही लांबून पाहत होतो. गुरुजी शेंगा सोलत होते आणि काकू खात होत्या.

सुधाकर म्हणाला, "भाऊ, शिक्षा कोणाले झाली, काई समजून नाई राहिलं."

*

मग सुटी सिगरेट विकायची नाही असा नियम आला. ठेल्यावरची पाकिटं बंद झाली, आमचं दोघांचं कारखानदार व्हायचं स्वप्नही मिटलं. गुरुजींनी मात्र तोड काढली. ते अख्खं पाकीट विकत घेत आणि सुधाकरकडंच ठेवत. वर मी मोठ्या अक्षरात त्यांचं नाव छापून दिलं होतं. त्यातली रोज एक, वाराच्या पाकिटात. माल गुरुजींचा, राखण सुधाकरची. मी आठवड्याची सात पाकिटं करायचो, बस. रविवारी सकाळी तेवढंच काम. खरं सांगतो, लग्नपत्रिकांपेक्षा त्या सात पाकिटांत माझा जीव जास्त रमायचा. आता मोबाइलवर पत्रिका जातात, छापखान्यात माशा बसतात. ते दिवस आठवले की अजून हाताला खळीचा वास येतो.

*

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. भंडाऱ्याला नेलं, तिसऱ्या दिवशी त्यांना घरी आणलं ते तसंच. नागपूरची पोरगी आली, तेरवी झाली, ती परत गेली. गुरुजींना सोबत चला म्हणत होती, ते गेले नाहीत. चहा करायला शिकून घेतला म्हणाले.

पंधरा-सोळा दिवस ते ठेल्याकडं फिरकले नव्हते. सुधाकर रोज चार वाजता रस्त्याकडं पाहायचा. एका संध्याकाळी मला म्हणाला, "भाऊ, आता गुरुजीले कोणाचा धाक नाई. दोन पेल्ल्या तरी कोण विचारते? येवढा जीव आतल्या आत जळून राहिला असन त्यायचा. जरा मोठं पाकीट कर ना."

मला पटलं. चूक असेल, पण त्या वेळी पटलं. मी नवं डिझाइन काढलं, दोन खणांचं. मधोमध कार्डाची भिंत, दोन्हीकडं मेण. वार छापला नाही. आता वाचणारं कोण होतं? इतकं सुबक पाकीट मी उभ्या जन्मात केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता गुरुजी आले. दाढी वाढलेली, सायकल तीच. "दे रे, सुधाकर."

सुधाकरनं दोन्ही हातांनी पाकीट दिलं. गुरुजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. जीभ उघडली, आत पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

त्यांनी एक सिगरेट आत राहू दिली. दुसरी दोन बोटांनी अलगद काढून सुधाकरपुढं ठेवली.

"हे ठेव. चुकून जास्तीची आली तुह्या हातून," म्हणाले. "घरी गेलो का तुही काकू विचारते, किती झाल्या म्हणून."

आणि सायकलवर टांग टाकून तलावाकडं निघून गेले.