हिला गोरी करील त्याला काम

मॅनेजरने लाकडी फूटपट्टी माझ्या हनुवटीखाली घातली आणि तोंड वर उचललं. बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघतात तसं.

"हिला जो गोरी करून दाखवील, समारंभाचं काम त्याचं," तो म्हणाला.

समोर दोन फोटोग्राफर. एक कोल्हापूरचा, चकचकीत बुटांचा. दुसरा आमच्या मालवण बाजारातला म्हातारा, लग्नांचे आणि मेलेल्यांचे फोटो काढणारा. कारकून हसले. अंगणात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मी काय केलं?

मी लाजले.

सतरा वर्षांची गाढवी! साठ बायकांतून मलाच निवडलं म्हणजे माझ्यात काहीतरी असणार, असं त्या अकलेच्या कांद्याला वाटलं. सगळ्यांत काळी म्हणून निवडलंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

काजूचा कारखाना होता. पन्नास साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी आणि आई फोडणीच्या शेडमध्ये. भाजलेली काजूबी दगडावर ठेवायची, लाकडी दांड्याने फोडायची, गर काढायचा. टरफलातून चीक निघतो. काळा, तेलकट. लागेल तिथे कातडी जाळतो. आम्ही हाताला राख फासून बसायचो, तरी बोटं सोलून निघत. जेवायला बसलं की मिठाआधी रक्त भाताला लागे.

अंगणापलीकडे निवडीची खोली. चुना दिलेल्या भिंती, बसायला स्टुलं. तिथे नुसते गर निवडायचे, मोठे एकीकडे, तुकडे एकीकडे. त्या स्टुलांवर वरच्या वाडीतल्या मुली बसत. आमच्या वाडीतली एकही नाही.

मुंबईचा सेठ अमेरिकेच्या गिऱ्हाइकांना घेऊन येणार होता. मोठा समारंभ. फोटो अमेरिकेला जायचे होते. तिकडच्या लोकांना कामगार बायका स्वच्छ, गोऱ्या, हसऱ्या दिसायला हव्यात, म्हणून ही परीक्षा. मॅनेजर मला म्हणाला, "फोटो चांगला आला तर तुला निवडीत बसवतो."

झालं. आमची राणी हवेत.

आधी कोल्हापूरवाला. त्याने पावडरीचा डबाच माझ्या तोंडावर उलटा केला. नाकात गेली, घशात गेली. गळ्यापर्यंत पांढरी चादर गुंडाळली, हात आत कोंबले. घामाने मान खाजायला लागली. एक हात बाहेर आला. मॅनेजरने फूटपट्टीची कड बोटांवर हाणली.

"हात आत!"

सोललेली बोटं ती. चादरीवर रक्त उमटलं. आणि मी हसतच राहिले. राणीसाहेबांचा फोटो बिघडायला नको ना!

मग म्हातारा. त्याने आधी तांब्याभर पाणी मागितलं.

"तोंड धू गो बाये," तो म्हणाला. "आणि हात खंय आसत? मांडीर ठेव. लपवतंस कित्याक?"

मला त्याचा असा राग आला! थेरड्याने माझा फोटो नासवला, असं वाटलं.

तीन दिवसांनी दोन्ही फोटो मॅनेजरच्या टेबलावर आले. एकात पिठाची बाहुली. दुसऱ्यात मी. काळी, डोळे रोखलेले, मांडीवर दोन हात, नखं गेलेली.

"हा फोटो आहे की पंचनामा?" मॅनेजर म्हणाला, आणि दुसरा फोटो म्हाताऱ्याच्या तोंडावर भिरकावला. म्हातारा वाकला. फोटो उचलला, धोतराला पुसला, खिशात घातला आणि निघून गेला. कारकून हसत होते. त्या सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल?

मी.

हे लिहिताना आजही माझी मलाच थोबाडीत द्यावीशी वाटते.

मॅनेजर खुशीत होता. पांढऱ्या फोटोची एक प्रत त्याने मला दिली. ती घेऊन मी घरी धावले. आईने फोटो उजेडाला धरला.

"कोणाचा गो ह्या चेडू?"

"आये, माजो फोटो तो!"

तिने पुन्हा बघितलं. मग फोटो जमिनीवर ठेवला. "माजा चेडू असा नाय. हेका हातच नाय."

"उद्यापासून मी निवडीत बसतलंय," मी फणकारले.

"बस. फोटो काढल्यार कोण राणी होना नाय गो," ती म्हणाली आणि माझ्या सोललेल्या बोटांना खोबरेल लावायला लागली. मी हात ओढून घेतला.

समारंभाच्या दिवशी शेजारणीचं हिरवं लुगडं नेसून, अबोलीचा वळेसर माळून मी थेट निवडीच्या खोलीत गेले. स्टुलांवर हेडक्लार्कच्या मुली, भावजया. आमच्यासारखी लुगडी नेसवलेल्या. कोल्हापूरवाला त्यांच्या माना डावी-उजवीकडे वळवत होता. एकीच्याही हातात कधी काजूबी आलेली नसेल.

"तू इथे कशाला?" मॅनेजरने विचारलं.

"साहेब, तुम्ही म्हणाला होतात..."

"अगं, पावडर किती लागते ते बघायला होतीस तू."

खोलीत हशा. मी हलले नाही. मॅनेजरने माझा अंबाडा मुठीत धरला आणि अंगणातून फरपटत नेलं. लुगडं फाटलं. गुडघे फुटले. फोडणीच्या दारातून त्याने मला आत फेकलं. "गाड्या जाईपर्यंत एकजण बाहेर दिसली तर तंगडी तोडीन!"

आई उठली. "साहेब, चेडवाक मारू नको..."

त्याने तिच्या तोंडावर फूटपट्टी मारली. कडेने. भुवई फाटली. आई खाली बसली आणि रक्त तिच्या पुढ्यातल्या पांढऱ्या गरांवर पडायला लागलं. तिने गर बाजूला सारले. रक्त लागून माल खराब होऊ नये म्हणून!

ते बघितलं, आणि माझ्या आतलं ते हसरं गाढव जागच्या जागी मेलं.

कोपऱ्यात चिकाचं पिंप होतं. मी दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवले. बोटांच्या जखमांत निखारे गेल्यासारखं झालं. तशीच वळले आणि मॅनेजरच्या दोन्ही गालांवर दोन्ही हात मारले. मारून थांबले नाही. चोळलं. कपाळ, नाक, मान. आधी तो शिव्या देत होता. मग चीक डोळ्यात गेला आणि तो गुरासारखा ओरडला.

"फटकी येवंदे तुका!" मी ओरडत होते. "घे! आता तू हो गोरो!"

सेठची गाडी आली तेव्हा मॅनेजरचं तोंड सुजून फणसाएवढं झालं होतं. कोल्हापूरवाला डबा घेऊन धावला. त्याने त्या तोंडावर पावडर टाकली, तर मॅनेजरने त्याच्या पोटात लाथ घातली. कॅमेरा तिकाटण्यासकट आडवा. हे मला नंतर बायकांनी सांगितलं. मी तेव्हा गोदामामागे होते. दोघा हमालांनी माझे हात धरले होते आणि दरवान कमरेचा पट्टा चालवत होता. पाठीची सालं निघाली. मी बेशुद्ध पडले तेव्हाच तो थांबला.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क आमच्या अंगणात आला. बसला नाही. "सगळ्यांसमोर साहेबांचे पाय धर. पोलिसांत देणार नाहीत. सेठना बोभाटा नको आहे. निवडीत जागाही देतील. आणि नाही धरलेस तर तुम्हां दोघींना काम नाही."

खरं सांगते, मोह झाला. उताणं झोपता येत नव्हतं, घरात तांदूळ नव्हता, आणि ते स्टूल डोळ्यांसमोर येत होतं. मी आईकडे बघितलं. ती चुलीपाशी, भुवईवर हळद भरलेली. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"पाय धरूचंय नाय," मी आईकडे बोट दाखवून म्हटलं. "तेनी माज्या आवशीचे धरूचे. फोडणीत येवन. सगळ्यांसमोर."

क्लार्क थुंकला आणि गेला.

"आता खाशीत काय गो?" आईने विचारलं.

"जा काय मेळात ता खातलंव."

दुसऱ्या दिवशी कामाच्या भोंग्याआधी मी कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. पदर काढला, चोळी सोडली आणि पाठ रस्त्याकडे केली. कामावर येणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या. कुणी डोळे झाकले, कुणी रडली. मी कुणाला रडू नको म्हटलं नाही. "नीट बघा," एवढंच म्हणत होते.

दरवानाने दगड मारला. खांद्याला लागला. मी जागची हलले नाही.

"जातंस की नाय?" तो ओरडला.

"भोंगो झालो की जातलंय," मी म्हटलं. "उद्या परत येतलंय. परवा पण येतलंय. तू दगड गोळा करून ठेव."