काळ्या अंगठ्याची टिक

"हात लावल्याबिगर टिक न्हाई, पोरी." हे वाक्य काका दिवसातून दहादा तरी म्हणायचे. हेलिकॉप्टरचा एकेक भाग बोटांनी चाचपायचा, हलवून बघायचा, मगच तपासणीच्या तक्त्यावर त्या ओळीत टिक करायची. फडक्याला हात पुसायची सवय नव्हती, त्यामुळे प्रत्येक तक्त्याच्या कोपऱ्यात ग्रीसचा काळा अंगठा उमटलेला असायचा.

जालन्याजवळच्या आमच्या कंपनीकडे भाड्याने द्यायची दोन हेलिकॉप्टरं होती. नवरदेव आणायचा, पुढाऱ्याला सभेला पोचवायचं, राजूरच्या गणपतीवर फुलं उधळायची, असली कामं. काका तिथले इंजिनिअर. त्यांच्या सहीशिवाय पंखा फिरवायचा नाही, असा नियम होता. मी तीर्थपुरीची, ऑफिसात फाइली सांभाळायचे आणि त्या अंगठ्यांवरून त्यांना फार चिडवायचे.

"काका, ऑडिटवाले इचारतील, हे हेलिकॉप्टर हाय का भज्याचा गाडा?"

"इचारू दे. भजेवालाबी तेल तापलं का बघितल्याबिगर घाणा सोडत न्हाई."

एका लग्नाच्या सकाळी त्यांनी शेपटीचा छोटा पंखा हलवून बघितला आणि टिक केली नाही. बेअरिंग ढिलं होतं. नवरदेव फेटा बांधून तयार, वऱ्हाड मोबाइल धरून उभं. मालकांचं हात जोडून झालं, दरडावून झालं. काका म्हणाले, "साहेब, न्हाई म्हंजे बिलकुल न्हाई." तेव्हा मालक वऱ्हाडाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "माफ करा मंडळी, आमचा इंजिनिअर सकाळीच पिऊन आलाय."

काका माळकरी. भज्यातही कांदा आहे का ते विचारून घेणारा माणूस. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, त्याच्यासमोर आपण चहासुद्धा नीट धरून पितो. वऱ्हाडात जाफराबादचे, म्हणजे त्यांच्याच गावचे पाहुणे होते. काका एसटीतून उतरेपर्यंत बातमी गावात पोचली होती. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना कामावरून कमी केलं, पण ते त्यांना तितकं लागलं नाही. लागलं ते भजनात. कुणी उठवलं नाही, फक्त शेजारचा माणूस जरा सरकून बसला. त्यानंतर काका भजनाला गेले नाहीत. घरीच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत बसले.

नवा इंजिनिअर मिळेना. मग मालक स्वतःच तक्ते भरू लागले आणि खाली काकांची सही ठोकू लागले. हेलिकॉप्टर उडत राहिलं. पडलं नाही, ही देवाची कृपा. मी सगळं बघत होते आणि नोकरीपायी गप्प होते. त्याची मला आजही लाज वाटते.

वर्षाच्या ऑडिटला दिल्लीहून विमान खात्याच्या एक बाई आल्या. मालकांनी मला आधीच बजावलं होतं, "ते घाण कागद काढून टाका, चांगले तेवढे दाखवा." मी दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी मांडले आणि चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा बाईंनी इस्त्री केल्यासारखे स्वच्छ तक्ते वेगळे काढले होते. "या माणसाचे हात अचानक इतके स्वच्छ कसे झाले?" त्यांनी विचारलं. या इंजिनिअरचा लेखी जबाब उद्यापर्यंत हवा, नाहीतर परवाना गेला समजा, असं सांगून त्या उठल्या.

मालकांनी मला आणि फाइलीला गाडीत घातलं ते थेट जाफराबाद. काका स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले होते.

"काका, सह्या तुमच्याच हायेत, एवढं लिहून द्या. धंदा बसून राह्यला माझा."

काकांनी त्यांना आधी चहा पाजला. मग विचारलं, "त्या दिवशी मी पेल्तो का?"

"न्हाई हो, काका."

"जोरात बोला. मंडळी ऐकून राह्यली."

मालक उभे राहिले. भरल्या हॉटेलात म्हणाले, "काका पेलेले नव्हते. मी खोटं बोल्लो."

भज्यांच्या कढईजवळची मंडळीही वळून बघू लागली. काकांनी फाइलीवर वाकून बघितलं, हात लावला नाही.

"बराबर. तुम्ही खरं बोल्लात, मंग मीबी खरंच बोलतो. ह्या कागदांना माझा हात लागला न्हाई. लिही पोरी, तेच लिही."

मी लिहिलं. त्यांनी सही केली आणि कोपऱ्यात काळा अंगठा दाबला.

परवाना गेला. सूड वाईट असतो म्हणतात. असेल बापडा. मालक निघून गेल्यावर मला सपाटून भूक लागली आणि मी तिथेच दोन प्लेट भजी खाल्ली.

काका गेल्या वर्षी गेले. मी पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून झाली होती. भजनी मंडळ अगदी चिकटून बसलं होतं. सगळं अंग स्वच्छ धुतलेलं, उजव्या अंगठ्याच्या रेषा तेवढ्या काळ्याच राहिल्या होत्या. मालक आले नव्हते. आले असते तर मीच त्यांना हाताला धरून पुढे नेलं असतं आणि तो अंगठा दाखवला असता.