चाळीस पोरांच्या चाळीस वह्या

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. तोंडवलीत आमचं घर शाळेला लागूनच. वाळूसारखे ते आपोआप आत येतात. कितीही झाडा, माजघरात चार सापडतातच!

लग्नाला दोन महिने झाले असतील. आमचे हे मास्तर. मालवणच्या शिबिरातून नवीनच खूळ घेऊन आले: प्रत्येक मुलाचा अभ्यास वेगळा, प्रत्येकाची वही वेगळी. मुलं चाळीस! यांचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूत खेकड्याची कुर्ली चाललेली, म्हणून वह्या लिहायला माझ्याकडे आल्या.

सासूबाई म्हणाल्या, "चाळीस पोरांचे चाळीस बेत? माज्या चुलीर एकच पेज शिजता, सगळे गुमान जेवतत!"

*

आठवड्याभरात एक बाप तणतणत आला. "शेजाऱ्याच्या पोराक धा पानां, माज्या झिलाक दोनच? ह्यो खंयचो न्याय?"

हे म्हणाले, "अहो, तुमच्या मुलाला बाकीचं सगळं येतं!"

"मगे येता ता लिवा! पण वही जाडी होवक व्हयी!"

*

पेद्रू वर्गात तोंडच उघडत नसे. त्याच्या वहीत लिहिलं, 'मोठ्याने बोलण्याचा सराव.' तिसऱ्या रविवारी पाद्री दारात!

"मास्तर, आता हळू बोलण्याचं एक पान घाला. प्रार्थनेत माझा आवाज कोणाला ऐकूच येत नाही."

*

चौथीतल्या शेवंतीची गणिताची पाटी कायम कोरी. तिची आई मासे विकायची. तिनं बजावलं होतं, "दिपोटीन पास केल्यान तर शाळा. नायतर टोपली घी नि चल माज्यावांगडा!"

हीच शेवंती आमच्या मागच्या दारी आईचे बांगडे डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजायची. मी तिच्या वहीत एक ओळ लिहिली. यांना विचारलं नाही.

शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. "एका पेटीत बारा पेरू, तर पाच पेट्यांत किती?"

शेवंतीची पाटी कोरीच. खिडकीत आई, डोक्यावर टोपली. आमचे हे घामाघूम!

नव्या सुनेनं साहेबांसमोर बोलायचं नसतं. चहा ठेवायला मात्र हरकत नसते. कपाशेजारी मी वही उघडी ठेवली.

साहेबांनी वाचलं, 'हिला बांगड्यांत विचारावे.'

त्यांनी घसा खाकरला. "बरं... एका टोपलीत बारा बांगडे. पाच टोपल्यांत?"

"साठ! पण सायबानू, तळाचे बगून घेवा!"

साहेब हसत सुटले. "पास!"

आईनं टोपली सावरली, लेकीकडे पाहिलं आणि खिडकीतूनच साहेबांना दम भरला,

"बांगडे झाले. फुडल्या वर्साक सुरमय घाला!"