गोटा झालेले चार टायर

शनिवार, ३ मे २०२५. पाथरी.
नळ आला नाही, टँकर सकाळी येऊन गेला. कैरीचा कीस दुसऱ्यांदा उन्हात ठेवला. डोळ्यांचे थेंब संपत आले आहेत. समोरच्या लिंबाजीरावांनी अंगणातले चार जुने टायर गोळा करणाऱ्या गाडीत स्वतः चढवून दिले आणि गाडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. डास कमी होतील. त्यांची सून बबिता क्लासवर होती.

बबिता दुपारी क्लासवरून आली ती घामाने निथळत. पाथरीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती बायकांना गाडी शिकवते. एलचा बोर्ड लावलेल्या गाडीत शेजारच्या सीटवर बसायचे, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवायचा आणि दिवसभर "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचे, हे तिचे काम. ज्या बाईला मोकळी गाडी दिली तर वळणावरही ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायला नको वाटते, तिचा पगार मात्र दुसऱ्यांना हळू चालवायला शिकवण्याचा.

हात धुवायला ती मागच्या अंगणात गेली आणि तशीच उभी राहिली. भिंतीला टेकून गोणपाट पडले होते. गोणपाटाखाली काही नव्हते.

"मामा, इथले टायर कुठायत?"

लिंबाजी बाजेवर पेपर वाचत होते. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीची स्वच्छता अंगावर घेतली होती. कुणाच्या दारात पाणी साचलेले दिसले की ते काठी आपटून घरातल्यांना बाहेर बोलवत.

"दिले की," ते खुशीत म्हणाले. "गाडी फिरायलीय सकाळपासनं. आता टायर जाळायचे न्हाईत, कुठंबी फेकायचे न्हाईत, असा नियम आलाय. कंपनीवालेच गोळा करायलेत. मी म्हटलं, आपल्याच घरात चार पडलेत, पावसाळ्यात पाणी साचंल, डेंगू हुईल. पहिले आपले दिले."

"ते जुने न्हवते, मामा."

"जुने न्हवते? अगं, पार गोटा झाल्ते. मी हात फिरवून बघितला. नक्षी न्हाई, काय न्हाई, मधी दोन रेघा फक्त." त्यांनी पेपरची घडी केली. "तूच सांगतीस ना पोरींना, गोटा टायर म्हंजे मरण, दिसला की काढा, घरात बी ठिवू नका? तुझंच ऐकलं मी."

हे वाक्य तिचेच होते. नव्या बॅचला ती पहिल्याच दिवशी गाडीभोवती फिरवून हेच सांगायची, आणि घरी आल्यावर त्याची नक्कलही करून दाखवायची.

पण हे टायर झिजून गोटा झालेले नव्हते. ते तसेच घडवलेले होते. जपानहून आलेले, बारा इंची, मऊ रबराचे. पुण्यातल्या एका शर्यतवाल्याने छंद सोडला तेव्हा बबिताने त्याच्याकडून ते घेतले होते. रस्त्यावर ते कधी चालवले नाहीत. वर्षातून एकदा, मानवतच्या एका जिनिंगच्या अंगणात, तिच्या जुन्या लाल एट हंड्रेडला ते चढत. कापसाचा हंगाम संपला की ते सिमेंटचे अंगण उन्हात मोकळे पडते. मग संभाजीनगरचा एक क्लब तिथे नारिंगी शंकू मांडतो आणि घड्याळ लावून एकेक गाडी सोडतो. शंकूंमधून वळत, मागे फिरत, कमीत कमी वेळात जायचे. त्याच अंगणात बबिताचे वडील ट्रक रिकामा करायचे आणि शाळकरी बबिताला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे.

गेल्या वर्षी महिला गटात ती पहिली आली. हातात कप आला, फोटो आला, पुढे काही नाही. या वर्षी क्लबने पहिल्यांदाच जाहीर केले होते की पहिली येणारी बाई पुण्याच्या राज्य फेरीला क्लबच्या खर्चाने जाईल. सूचनेत खाली आणखी एक ओळ होती: जुन्या शिक्क्याचे टायर या वर्षापुरते चालतील, पुढच्या वर्षीपासून फक्त नव्या मानकात पास झालेले. म्हणजे त्या चार टायरांना एकच रविवार उरला होता, आणि तो आठ दिवसांवर होता.

"गाडी कुठली होती?" तिने विचारले.

"देवगाव फाट्याची म्हणत होता. काय झालं, बबिता?"

ती पाणीही न पिता बाहेर पडली.

देवगाव फाट्यावर पत्र्याच्या कुंपणाआड टायरांचा डोंगर होता. तिथला माणूस, परमेश्वर नावाचा, खुर्चीवर बसून टरबूज खात होता.

"पाथरीहून आज आलेले चार बारीक टायर," बबिता म्हणाली. "चुकून आलेत. परत पायजेत."

"चुकून?" त्याने बी थुंकली. "टायर कुणी चुकून देतंय व्हय, ताई? लोकं चुकून नेतेत."

"हसू नका. कुठायत?"

त्याने सुरीने कोपरा दाखवला. बबिताने आपले टायर लांबूनच ओळखले. चारही टायरांच्या कडा उभ्या चिरलेल्या होत्या.

"आल्या आल्या कापायचे, असं हाय आमच्यात," परमेश्वर आता खुर्चीवरून उठला होता. "न्हाईतर लोकं नेऊन वरनं रबर चढवतेत आन् नवे म्हणून इकतेत. मग माणसं मरतेत. तवा आलं की चिरायचं."

"बरोबर आहे तुमचं."

"नियमच हाय."

"म्हणलं ना, बरोबर आहे!"

ती वाकली आणि तिने चिरलेल्या रबरावर तळवा दाबला. उन्हाने तापलेले रबर हाताला चिकटले आणि तळवा उचलताना बारीक आवाज झाला. परमेश्वरने बघितले, स्वतः हात लावून पाहिला आणि भुवया वर केल्या.

"लय नरम हाय की हे. कशाचं हाय?"

"माझं होतं," बबिता म्हणाली.

त्याने तिला एक चांगला, नक्षी शाबूत असलेला टायर घेऊन जा म्हणून आग्रह केला. अंगणात झोका बांधायला.

येताना ती मानवतला टायरच्या दुकानात थांबली. तिथला दुकानदार तिला ओळखत होता. तिच्याकडे शिकून गेलेल्या कितीतरी बायका त्याच्याकडे हवा भरायला येत.

"बारा इंचात नरम टायर आहे का?"

"नरम कशाला घेता, मॅडम? आहे त्यातली हवा कमी करा, नरम होतो."

"हवेचं नाही म्हणत मी. रबर नरम. पकडीचा."

"असं होय." त्याने मान हलवली. "ते गेलं आता. नवा नियम आल्यापासून टायरनं तीन परीक्षा द्यायच्या. आवाज कमी पायजे, ओल्या रस्त्यावर थांबला पायजे, आन् हलका पळला पायजे म्हणजे तेल कमी लागतं. चांगलंच आहे म्हणा. पण एकेका मापाची परीक्षा येगळी, खर्च येगळा. बारा इंचात नरम टायर कोण घेणार? तुम्ही एकट्या. तुमच्या एकटीसाठी कोण कंपनी परीक्षेला बसंल? बाहेरून मागवावा तर तिथंबी परवान्याची भानगड." मग त्याने मागे हात केला. "सोळा इंचात आहेत बघा. नरम, पकडीचे, सगळ्यात पास. मोठ्या गाडीवाले घेतेत ना."

"मग माझ्या गाडीला सोळा इंची चाक लावू?"

"लावलं तर गाडी बैलगाडीवानी दिसंल," तो म्हणाला आणि हसला. बबिता हसली नाही.

सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट ही होती की नियमात खोट काढायला जागा नव्हती. पावसात गाडी लवकर थांबावी, हे तिलाही हवे होते. तेल वाचावे, रस्त्यावर गोंगाट नसावा, टायर जाळून पोरांच्या छातीत धूर जाऊ नये, हे ती स्वतः शिकवत होती. एखादा माणूस चुकला असता तर त्याच्याशी भांडता आले असते. इथे सासरे बरोबर, परमेश्वर बरोबर, दुकानदार बरोबर, सरकार बरोबर. आणि सगळ्यांच्या बरोबर असण्याखाली सापडली ती बारा इंची चाकांची एक बाई.

आठवडाभर तिने रोजचे टायरच गाडीवर ठेवले, नव्या नियमातले, तेल वाचवणारे. संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर ती हवा थोडी वाढवून, थोडी कमी करून बघायची. मऊ टायर पकड सुटायच्या आधी कुरकुरायचा. ती कुरकुर ऐकून बबिताचा पाय आपोआप हलका व्हायचा. वळणावर ती डोळ्यांपेक्षा कानांनी चालवायची. हा नवा टायर शेवटपर्यंत गप्प राहायचा आणि मग एकदम सोडून द्यायचा. घरातल्या अबोल माणसासारखा. काय खुपतेय ते कळायच्या आत दार आपटून निघून गेलेला.

रविवारी जिनिंगच्या अंगणात सकाळीच मंडप पडला होता. नांदेडची प्रियांका आपल्या नव्या, उंच चाकांच्या गाडीशी उभी होती. दोघींची ओळख जुनी, थट्टाही जुनी.

"बबिताताई, जय भीम! तुमचे ते गोटे कुठायत?"

"मच्छरांनी खाल्ले."

"म्हंजे?"

"सासऱ्यांनी दान केले."

प्रियांका आधी हसली, मग तिच्या लक्षात आले. "आईशप्पथ! खरंच? मग आज कशावर?"

"ह्याच्यावर. देवळात जायच्या टायरवर."

"तुमी तर देवळात जात न्हाईत," प्रियांका म्हणाली, आणि त्या दिवसात एवढ्यावरच बबिताला खरोखर हसू आले.

प्रत्येकीला दोन फेऱ्या होत्या. त्यातली चांगली धरायची. पहिल्या फेरीत बबिताच्या पायाला जुनी सवय नडली. तिसऱ्या वळणावर ती पूर्वीसारखीच वेगात शिरली, कान कुरकुरीची वाट बघत राहिले, कुरकुर आलीच नाही, आणि गाडीचे नाक सरळ निघून गेले. एक शंकू बॉनेटखाली दाबला गेला. शंकू पाडला की वेळेत दंड. लाऊडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "गतविजेत्या आज जरा घाईत आहेत."

दुसऱ्या फेरीला तिने स्वतःच्या शेजारी स्वतःला बसवले. वळणाआधी लवकर ब्रेक, स्टिअरिंग हळू, पाय अलगद. दिवसभर बायकांना जे सांगते तेच, अक्षर न अक्षर. एकही शंकू हलला नाही. नव्या टायरवर याहून जास्त निघणार नाही, हे तिला शेवटच्या वळणावरच कळले, आणि जुन्यांवर किती निघाले असते तेही कळले.

प्रियांकाची गाडी त्याच वळणावर सिमेंटला चिकटल्यासारखी फिरली. प्रियांका पहिली, बबिता दुसरी. फरक एवढा कमी की मंडपातल्या लोकांनी दोनदा विचारून घेतला.

बबिता क्लबच्या माणसाकडे गेली. "सर, पुढच्या वर्षी गाडीच्या चाकाप्रमाणे गट करा. लहान चाकांचा वेगळा. आमच्या मापात नवा पकडीचा टायर येतच नाही. सोळा इंचाशी बारा इंचाची बरोबरी कशी करणार?"

त्याने शांतपणे ऐकले. माणूस सभ्य होता. "मॅडम, मुद्दा बरोबर आहे. पण गटाला निदान तीन गाड्या लागतात. महिलांमध्ये बारा इंचात तुम्ही एकट्याच आहात."

"मी एकटी आहे म्हणून टायर नाही, आणि टायर नाही म्हणून दुसरी कुणी येत नाही. मग तीन कधी होणार?"

"मुद्दा बरोबर आहे," तो परत म्हणाला.

दुसऱ्या नंबरचा कप तिने मागच्या सीटवर टाकला. पाथरीपर्यंत तो प्रत्येक खड्ड्याला खडखडत होता. ती थांबली नाही आणि तो नीट ठेवलाही नाही.

लिंबाजी दारातच उभे होते. आठ दिवसांत घरात त्या टायरांचा विषय कुणी काढला नव्हता, पण त्यांनी फोनमधला गाडीशेजारचा फोटो गल्लीतल्या कुणाला दाखवायचे थांबवले होते.

"कितवा?"

"दुसरा."

"दुसरा बी चांगलाच हाय की."

"पुण्याला पहिली जायलीय, मामा. दुसरी न्हाई."

ते खांबाला धरून उभे राहिले. "त्या टायरांमुळं?"

बबिताला नाही म्हणता आले असते. लग्नानंतर बाईने ड्रायव्हिंग शिकवायला जायचे का, यावर भावकीत कुरबूर झाली तेव्हा हाच माणूस तिच्या बाजूने बोलला होता. पण आठवडाभर सगळ्यांना बरोबर म्हणून तिची जीभ थकली होती.

"त्या टायरांमुळंच," ती म्हणाली.

लिंबाजींनी मान डोलावली. मग म्हणाले, "पुढच्या साली आणू आपण तसलेच. कुठं मिळतेत सांग. मी जातो."

"मिळत न्हाईत. आन् मिळाले तरी चालत न्हाईत. पुढच्या साली नियम हाय." तिने गाडीची किल्ली खिळ्याला लावली. "उद्या सकाळी नवी बॅच हाय माझी. लवकर जाते."

"गोटा टायरचं सांगशील ना त्यांना?" त्यांनी चाचरत विचारले.

"सांगावंच लागंल," बबिता म्हणाली. "खरंच हाय ते."

रविवार, ११ मे २०२५. उकाडा फार. गॅस दुपारी संपला. समोरच्या बबिताने संध्याकाळी लाल गाडीतून भरलेला सिलिंडर आणून दिला. वॉशर जुना निघाला, गळत होता, बदलून घेतला.