ओली नोटीस

ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस मी आधी वाचत नाही, बोट लावून बघतो. आज लावलं तर खळ ओलीच होती. कागदावरची तारीख मात्र आठ दिवसांपूर्वीची. उद्या ग्रामसभा आणि विषय एकच: गायरानाची जागा गोदामासाठी देणे.

पंचायतीचा शिपाई दत्तू पायरीवर बसून हात पुसत होता.

"कधी लावलीस रे ही?"

"मागच्या आठवड्यातच की, गुरुजी. तुमचं लक्ष नसंल."

त्याच्या नखांत अजून खळीची कणीक होती.

हा संशय माझ्यात कधी शिरला, आठवत नाही. उद्या पाणी सुटणार म्हणून दवंडी झाली, तरी मी नळाच्या तोटीला कान लावून येतो. रस्ता मंजूर झाला म्हणतात, तेव्हा खडी कुठं पडलीय ते शोधत हिंडतो. माणसाचं बोलणं ऐकायचं सोडून त्याचे हात बघत बसायचं, हे काही बरं नव्हे. गायरानात माझी म्हैस चरते. तिला असला काही त्रास नाही.

तेवढ्यात दत्तूनं सभेचं रजिस्टर पुढं केलं. "आलाच आहात तर सही करून ठेवा. उद्याचा हेलपाटा वाचंल."

दरवेळी तो हेच म्हणतो आणि दरवेळी मी सही करतो. आजही केली. उद्याच्या सभेला हजर म्हणून.

पेन परत द्यायला गेलो, तर ते सुटेना. खळ माझ्याही बोटांना लागलेली होती.